बिनबियांच्या द्राक्षाची बी

अनघे, तुझ्या शोकसभेत मी शेवटच्या रांगेत बसले आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. पार्ल्याचा तो हॉल गच्च भरला होता. एकेक जण उठत होता, तुझ्या फोटोकडे बघून गहिवरत होता. "अनघाताईंनी आयुष्यात कधी कुणाला दुखावलं नाही," असं एक बाई म्हणाल्या, तेव्हा मला असं हसू फुटलं की ओढणी तोंडात कोंबायला लागली. शेजारच्या काकांना वाटलं मी रडतेय. त्यांनी हळूच पाण्याची बाटली पुढे केली. मी प्यायले, तहान लागलीच होती.

रडलेच नाही असं नाही. मुलुंडला घरी आल्यावर रडले, ओट्यापाशी उभी राहून, तुला शिव्या घालत. पण त्याचं श्रेय तुला द्यायची माझी तयारी नाही.

सभा संपल्यावर श्रीकांतने दारात गाठलं. तुझा नवरा अजून तसाच आहे, समोरच्याच्या खांद्याकडे बघत बोलणारा. म्हणाला, "वैशाली, तिच्यावर स्मरणिका काढतोय. तू लिहायचंसच. कॉलेजपासूनची तू एकटीच आहेस." मी म्हटलं, "मी लिहिलं तर तुला झेपेल का रे?" तो म्हणाला, "हवं ते लिही. एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही." साधा माणूस. त्याला काय माहीत, मी किती वर्षं नेमक्या याच परवानगीची वाट बघत होते ते.

मला एकच वाक्य छापून यायला हवं होतं. ती चूक वैशालीची नव्हती, अनघाची होती. बस, एवढंच. हे वाक्य मी तुझ्याकडे तू जिवंत असताना मागितलं. समोर बसून मागितलं, फोनवर मागितलं, आणि शेवटी हॉस्पिटलात तुझ्या उशाशी बसूनही मागितलं. तू दिलं नाहीस. म्हटलं, आता मीच लिहिते. बसले लिहायला.

आता जे सांगणार आहे ते सगळं तुला ठाऊक आहे. पण त्या हॉलमधल्या लोकांना नाही. आपण कांजूरमार्गच्या त्या गाळ्यात नेमकं काय करायचो हे त्यांच्यापैकी कुणाला कधी कळलंच नाही. अर्ध्यांना वाटतं आपण वाइन बनवायचो. माझ्या सख्ख्या मावशीने एकदा विचारलं होतं, "तुमच्याकडे स्वस्तात मिळते का गं?"

आपण जुन्या द्राक्षांच्या बियांमधून डीएनए काढायचो. वाइनचं द्राक्ष माणसाच्या मागे मागे कुठून कुठे गेलं, ते शोधायचो. द्राक्षाची गंमत अशी की ज्याला चव आवडली तो फांदी तोडून नेतो आणि आपल्याकडे लावतो. तीच वेल शेकडो वर्षं या हातातून त्या हातात जात राहते, मरतच नाही. त्यामुळे गाळात सापडलेली जुनी बी आज कुठल्यातरी बागेत उभ्या असलेल्या वेलीच्या घरातली निघू शकते. हे तू मला पहिल्यांदा सांगितलंस ना, तेव्हा आपण कॉलेजच्या जिन्यात बसलो होतो. तुझ्या हातात अर्धवट खाल्लेला वडापाव होता आणि तू तो खायचं विसरून बोलत सुटली होतीस. घाटकोपरच्या वस्तीतून आलेली मी, माझ्या घरी द्राक्षं फक्त कुणी आजारी पडलं की यायची. त्या जिन्यात मला वाटलं, हेच करायचं आयुष्यभर. ही आग तू लावलीस. त्याबद्दल तुझे आभार मानायला माझी हरकत नाही. पुढे काय केलंस ते वेगळं.

मग ती विहीर सापडली. खाडीकाठची, बुजलेली, जुन्या बंदरापासून हाकेच्या अंतरावर. जळून कोळसा झालेल्या बियांत काही उरत नाही, पण चिखलात, पाण्याखाली, हवा न लागता पडून राहिलेल्या बियांत उरतं. आपण दोघी पायजमे गुडघ्यापर्यंत दुमडून तो गाळ चाळणीतून धूत बसायचो. पहिली बी तुला दिसली. तू ती तळहातावर घेतलीस आणि मी किंचाळले, "हात, अनघे, हात! हातमोजा कुठेय?" तू म्हणालीस, "थांब ना यार, चोच बघ तिची." लावलेल्या द्राक्षाच्या बीला लांब चोच असते, रानटीची आखूड आणि गोल. हिची लांब होती. तू तिच्याकडे ज्या तोंडाने बघत होतीस, तसं तुझ्या लग्नात श्रीकांतकडेही बघितलं नव्हतंस. अशा सात बिया निघाल्या. सगळ्या मिळून बोटाच्या पेरावर मावतील एवढ्या.

आणि तिथेच आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणायचीस, घाटाच्या अलीकडे कुठेतरी वाइनच्या द्राक्षाची बाग होती, इथे वाइन होत होती. मी म्हणायचे, कसली बाग? हा जहाजातून आलेला सुका मेवा. कुणातरी खलाशाने मनुका चघळल्या आणि बिया विहिरीत थुंकल्या. तू चिडायचीस. "तुला ना, कशात मोठं काही दिसतच नाही." मी म्हणायचे, "आणि तुला लहान काही दिसत नाही." चहाच्या टपरीवर, रिक्षात, तुझ्या घरी जेवताना, आपण हेच भांडायचो. नाशिककडच्या वाइनवाल्याने गाळ्याचं भाडं आणि मशिनचा खर्च उचलला, तेव्हापासून तुझी बाग आणखी हिरवी झाली. मी ते बोलूनही दाखवलं. तू दोन दिवस अबोला धरलास.

आता नियमाचं सांगते. जुन्या बीमध्ये डीएनए उरलेला असतो चिमूटभर, तोही तुटका. आजच्या द्राक्षाचा एक कण जरी आत गेला तरी तो त्या जुन्याला गिळून टाकतो. म्हणून आपण गाळ्यात काचेची आतली खोली बांधली. हवा गाळून आत येणारी, रोज ब्लीचने पुसलेली. वारा फिरला की सगळ्या गाळ्याला डम्पिंग ग्राउंडचा वास मारायचा, पण त्या खोलीत नाही. आत जाणाऱ्याने आदल्या दिवसापासून द्राक्ष, मनुका, बेदाणा, वाइन, कशाला तोंड लावायचं नाही, हातही लावायचा नाही. नियम मी लिहिला, मी दारावर चिकटवला, तू हसत हसत खाली सही केलीस.

आणि उद्घाटनाला सत्यनारायण घातलास.

मी तुला आधीच सांगितलं होतं, मी पूजेला बसणार नाही. आमच्या घरात पूजा नसते, प्रसाद नसतो, माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून. तू म्हणालीस, "माहितीये गं, तू बाहेर थांब." त्यात तुझं काही चुकलं नाही. मी पॅसेजमध्ये चहा पीत उभी होते. तुझी आई वाटी घेऊन बाहेर आली, म्हणाली, "वैशाली, शिरा तरी घे गं, साजूक तुपातला आहे." मी म्हटलं, "नको काकू, खरंच नको." ती जरा खट्टू झाली आणि परत गेली. मग मी सहज वळून काचेतून बघितलं.

तू आतल्या खोलीत होतीस. पैठणी नेसून, अनवाणी. बी कोरायच्या ड्रिलला तू हळदकुंकू लावलंस, झेंडूचं फूल ठेवलंस, दसऱ्याला करतात तसं. आणि समोर केळीच्या पानाच्या तुकड्यावर शिऱ्याचा नैवेद्य दाखवलास. वर टपोरे बेदाणे. द्राक्षाच्या बीसाठी बांधलेल्या खोलीत, द्राक्षाचा नैवेद्य, द्राक्षाची बी कोरणाऱ्या मशिनला! मी काचेवर मूठ आपटली. तुला वाटलं मी शुभेच्छा देतेय. तू हसून हात हलवलास.

सगळे गेल्यावर मी तुझ्यावर तुटून पडले होते. "बेदाणा म्हणजे द्राक्षच ना गं बाई! डोकं कुठे ठेवलं होतंस?" तू कानातले काढत म्हणालीस, "अगं, वाळवलेला, वर शिजवलेला. त्यात काय उरलंय आता?" पीएचडी तुझी मोठी, माझी लहान, म्हणून मी फार वाद घातला नाही. रात्रभर ब्लीचने ती खोली पुसली. ड्रिल उघडून पुसलं. पण तुपाचा हात कुठे कुठे लागला असेल ते काय कळणार.

पुढचं तर तुला तोंडपाठ आहे. सहा बिया आपण एकामागून एक कोरल्या. कोरली की बी संपते, पीठ होतं, परत मिळत नाही. निकाल आला आणि तू गाळ्यात नाचलीस. द्राक्षाचा डीएनए, तुकडे लहान लहान, म्हणजे जुनाच! मी म्हटलं, "थांब, तुकडे शिजवल्यानेही लहान होतात. जुनेपणाच्या बाकीच्या खुणा बघू दे. आणि कोऱ्या नळीतही द्राक्ष दिसतंय, ते कुठून आलं?" कोरी नळी म्हणजे जिच्यात बी घातलेलीच नसते, आपण शुद्ध आहोत की नाही ते तपासायला ठेवतो ती. तिच्यात काही दिसलं की सगळं थांबवायचं, हा पहिला धडा. तू म्हणालीस, "थोडंसं तर आहे. आता मोडता घालू नकोस, वैशू." आणि पत्रकारांना बोलावलंस.

तीन वर्तमानपत्रांत तुझा फोटो आला. वाइनवाल्याने पेढे वाटले, वाइनवाला असून पेढे. मग परदेशातल्या एका बाईंनी अगदी सभ्य शब्दांत विचारलं, तुमच्या बियांचा मेळ ज्या वाणाशी बसतोय, ते तर बिनबियांचं द्राक्ष आहे. बेदाणे होतात ते. त्याची बी तुम्हाला मिळाली कशी?

अनघे, त्या दिवशी मी हसले होते. कबूल करते, खूप हसले. मी मनुका म्हणत होते ना? मनुकाच निघाली. फक्त खलाशाची नाही, तुझ्या आईच्या कढईतली. वाट लागली होती आपली, सगळं गेलं होतं, तरी मला वाटलं, आता आपण दोघी मिळून सांगू, की बाबांनो, आमच्याकडून असा असा बावळटपणा झाला. जगात सगळ्यांकडून होतो. लोक हसतील, आपण पण हसू, आणि उरलेली सातवी बी घेऊन परत कामाला लागू. मी खरंच असं धरून चालले होते.

मग चौकशी समिती बसली. त्यातल्या तिघांनी विचारलं, आत काम कोण करत होतं? तू म्हणालीस, "आतलं सगळं वैशाली बघत होती."

खोटं नव्हतं ते. तेवढंच बोललीस आणि थांबलीस. मी वाट बघितली. पूजेबद्दल बोलशील, नैवेद्याबद्दल बोलशील. तू पेनाचं टोपण लावत होतीस, काढत होतीस. मग मीच सांगितलं. शिरा, बेदाणे, ड्रिल, सगळं. त्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, "पूजा बाहेरच्या खोलीत झाली होती." त्यावर त्यांच्यातले ते गोरेगावचे पांढऱ्या केसांचे गृहस्थ माझ्याकडे बघून अगदी प्रेमाने म्हणाले, "स्वच्छतेचं वळण अंगी मुरायला काही घरांत पिढ्या जातात. त्यात तुमचा दोष नाही."

तुला त्याचा अर्थ कळला. तुझे कान लाल झाले, मी बघितले. आणि तू गप्प बसलीस. त्या गाळ्यात ज्या एकाच माणसाने त्या शिऱ्याला हात लावला नव्हता, ती मी होते. आणि तिलाच तो माणूस शिवाशिवीच्या भाषेत बोलला, तुझ्यादेखत. माझ्या आजीला लोक विहिरीवर चढू देत नसत. मला त्यांनी विहिरीतल्या बीपाशी जाऊ दिलं नाही. एवढाच काय तो फरक पडला.

खुलाशाच्या पत्रकात आलं, एका सहकाऱ्याच्या हाताळणीतली त्रुटी, संबंधित व्यक्ती आता या संशोधन केंद्रात नाही. खाली तुझी सही. त्यानंतर मला कुणी जुन्या बीच्या जवळ उभं केलं नाही. घाटकोपरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते मी आता. पगार बरा आहे, माणसं चांगली आहेत. माझ्या नळ्यांत कधी भेसळ झालेली नाही, हेही तुझ्या माहितीसाठी.

हॉस्पिटलात तू मला बोलावलंस तेव्हा मला वाटलं, आता देतेय वाक्य. तू इतकी बारीक झाली होतीस की गाऊनमध्ये शोधायला लागत होतं. म्हणालीस, "वैशू, सातवी बी मी कुणाला दिली नाही. तुझ्यासाठी ठेवलीय." मी म्हटलं, "बी नको मला. वाक्य दे." तू डोळे मिटलेस. मग म्हणालीस, "पलंग जरा वर कर ना." मी कळ फिरवून पलंग वर केला आणि निघून आले. आपलं शेवटचं बोलणं ते. लोकांची शेवटची बोलणी किती छान असतात, आपली पलंगाची.

परवा श्रीकांतचा फोन आला. गाळा सोडताना तू बी घरी आणली होतीस म्हणे, फ्रीजरमध्ये एका डबीत आहे, मटारच्या पिशवीमागे. मटारच्या पिशवीमागे, अनघे! स्वतःहून बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीजमध्ये! मी त्याच्यावरच ओरडले. तो बिचारा म्हणाला, "तिने सांगितलं होतं, हलवायची नाही, वैशालीलाच द्यायची." मग मी हैदराबादला फोन केला. तिथल्या लॅबमध्ये आपल्याबरोबर विहिरीवर आलेली एक मुलगी आता मोठ्या हुद्द्यावर आहे. ती म्हणाली, या ताई, टेबल देते, आतली खोली देते, तुम्हीच कोरा. कधी येता? मी म्हटलं, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी.

म्हणून आज तेराव्याला तुझ्याकडे आले. गोडाचं जेवण होतं. बर्फाचा डबा घेऊनच आले होते, बी त्यात ठेवली, झाकण लावलं आणि निघणार होते. तुझ्या आईने आतून हाक मारली.

काकूंना आता दिसत नाही फारसं. हात धरून मला शेजारी बसवून घेतलं. म्हणाल्या, "श्रीकांत सांगत होता, तू लिहितेयस. तो मला वाचून दाखवणार आहे सगळं. मी सांगितलंय त्याला, वैशालीचं आधी वाच." मी हूं म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "तुला एक विचारू? तुमच्या त्या पूजेच्या दिवशी माझ्या हातून काही चुकलं होतं का गं?"

मी म्हटलं, "का हो?"

"शिरा मीच केला होता. अनघाला बेदाणे आवडायचे म्हणून मूठभर जास्तच घातले. पानावर नैवेद्य वाढून मीच तिच्या हातात दिला, म्हटलं, आत मशिनला दाखव हो, त्याच्यावर तुमचं पोट आहे. नको म्हणत होती ती, तुमचा काही नियम होता म्हणे. मीच हट्ट धरला. तुला शिरा द्यायला आले तर तू घेतला नाहीस. आणि मग तुम्ही दोघी तुटलातच. अनघाने परत कधी मला शिरा करू दिला नाही. डॉक्टरांनी गोड बंद केलंय म्हणायची, आणि बाहेर जिलब्या खायची, मला काय कळत नव्हतं? मला सारखं वाटायचं, तुला आग्रह केला त्याचा तुला राग आला असणार. तुमच्यात चालत नाही ते माझ्या ध्यानात नाही राहिलं."

अस्सं. म्हणजे हे होतं होय?

तुला नियम आठवत होता. तू नको म्हणत होतीस. आणि मग वाळवलेला-शिजवलेला म्हणून तू माझी समजूत घातलीस, ती आईचं नाव येऊ नये म्हणून. एवढी मोठी लॅब आपल्या शिऱ्याने बुडाली हे या बाईला कळलं असतं तर तिने अन्न सोडलं असतं, हे मलाही कळतं. मी काय दगड आहे? पण तू मला सांगायचं होतंस गं! मला एकटीला. रिक्षात, टपरीवर, कुठेही. "वैशू, आईने केलं हे, तिला कळू द्यायचं नाहीये." मी काय करायचं ते मी ठरवलं असतं. कदाचित गप्प बसले असते, कदाचित तुझं डोकं फोडलं असतं. पण गप्प बसले असते तर ते माझं गप्प बसणं असतं. तू तुझ्या आईची लाज राखलीस, आणि ती माझ्या नावाच्या कापडाने झाकलीस, मला न विचारता. आणि तो पांढऱ्या केसांचा बोलला तेव्हा? तिथे तर तुझी आई नव्हती. तिथे नुसतं "असं बोलू नका" म्हणायला काय झालं होतं? बेदाण्याचा त्याच्याशी काय संबंध होता? याला उत्तर नाही तुझ्याकडे, आणि आता तू ते शोधायलाही नाहीस. म्हणून सांगते, मी तुला माफ केलेलं नाही. शोकसभेतल्या त्या बाईंना सांग हवं तर.

काकू माझा हात धरून वाट बघत होत्या. त्यांचा हात अजून तसाच मऊ आहे. माझ्या जिभेवर ते वाक्य होतं, सबंध, तयार, इतक्या वर्षांचं.

मी म्हटलं, "नाही हो काकू, तुमचं काय चुकणार. आमचं कामावरून भांडण होतं. ती म्हणायची वाइनचं द्राक्ष, मी म्हणायचे मनुका."

"एवढ्यावरून?" त्या म्हणाल्या.

"एवढ्यावरून."

"वेड्या आहात दोघी," असं म्हणून त्या रडायला लागल्या. मग मीही रडले. तुझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. थोडी तुझ्यासाठी.

तेव्हा हे स्मरणिकेत जाणार नाही. तिथे मी दोन परिच्छेद देईन, तुझं हसणं, तुझा वडापाव, विहीर, चोच. काकूंना आवडेल असं. हे फक्त तुझ्यापुरतं आहे. मला गप्प बसवायला तुला मरावं लागलं, पण बसवलंस शेवटी. मात्र यावेळी मी ठरवून बसलेय, एवढं लक्षात ठेव. आणि उद्या ती बी मी माझ्या हाताने कोरणार आहे. मनुका निघाली की तुझी बाग, ते जगाला कळेल, मला कळेल. तुला कळणार नाही. तुझ्यासाठी एवढी शिक्षा पुरे.

निघताना काकूंनी ताटली हातात दिली. शिरा. "आज घातले बेदाणे," म्हणाल्या, "आता ती नाही नको म्हणायला." नियमाप्रमाणे मी ती ताटली हातातसुद्धा धरायला नको होती. पण त्या बाईचा शिरा मी एकदा परतवला होता, दुसऱ्यांदा माझ्याच्याने होईना. घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करायची, कपडे बदलायचे, हे मनात पक्कं करत मी खाल्ला. बेदाणे चमच्याच्या टोकाने एकेक करून कडेला सारले. चांगला झाला होता गं, तूप सुटलेला.

काकूंनी ताटली परत घेतली तेव्हा त्यांच्या बोटांना कडेचे बेदाणे लागले. म्हणाल्या, "अगंबाई, तुला आवडत नाहीत होय?"

मी म्हटलं, "आवडतात हो काकू. पण उद्या काम आहे."